वहिनी, हे आभार दाराबाहेर यायला हवेत

आदरणीय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत आमच्या लॉजने, म्हणजे फ्रीमेसन बंधुसंघाच्या आमच्या शाखेने, तुमच्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला. सेक्रेटरी म्हणून मीच तो इतिवृत्तात लिहिला. लिहिताना मनात आलं, की ज्यांच्यासाठी हा ठराव आहे त्यांच्या कानावर तो पडणार कसा? आमची बैठक बंद दाराआड होते, बाहेर टायलर, म्हणजे दारावरचा पहारेकरी, उभा असतो आणि आपल्या लॉजचे सभासद फक्त पुरुष. ते पान वहीत मिटून राहील, ही रुखरुख काही केल्या जाईना. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

तुमचे यजमान, आमचे अण्णा, गेल्यावर आमचे आल्मोनर, म्हणजे मदतीचं काम पाहणारे पदाधिकारी, तुमच्याकडे आले होते. लॉजच्या सभासदाच्या, म्हणजे आमच्या भावाच्या, माघारी घरी काही अडचण नाही ना, हे पाहणं त्यांचं काम. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि म्हणालात, "मला काही नको. काम असेल तर सांगा." फेब्रुवारीतल्या जव्हारकडच्या नेत्रशिबिराची तयारी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. बैठकीच्या शेवटी फिरणाऱ्या दानपेटीतून पैसे जमले होते, डॉक्टर ठरले होते, गाड्या ठरल्या होत्या. आम्हाला वाटलं, झालं.

शिबिराच्या दिवशी कळलं की खरं काम तर पुढेच आहे. तपासणीला माणसं आली, मोतीबिंदू निघाला, पण शस्त्रक्रियेसाठी नाशिकला जायचं म्हटल्यावर एकेक जण मागे सरला. शेळ्या कोण बघणार, नातवाला कोण सांभाळणार, परत कोण आणणार? आमच्याकडे उत्तरं नव्हती. तुम्ही उमेदीची वर्षं त्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. टेबलामागून उठलात आणि सरळ पाड्यावर चालत गेलात. मागे सरलेल्या एका आजींच्या ओट्यावर बसून तुम्ही ऑपरेशनचं नावही काढलं नाहीत. सुईत दोरा ओवता येतो का, तांदळातला खडा दिसतो का, एवढंच विचारलंत. तासाभराने आजी स्वतःच म्हणाल्या, शेळ्या शेजारीण बघेल. त्या तयार झाल्या तशा त्यांच्यामागून आणखी चौघी निघाल्या. त्र्यंबकमार्गे नाशिकला जाणाऱ्या गाडीत तुम्हीही बसलात. रात्री तिथेच थांबलात, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

आणि ते दोरे! ऑपरेशननंतर थेंबांच्या दोन बाटल्या, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या, आणि चिठ्ठी वाचता येणारं घरात कुणी नाही. तुम्ही एका बाटलीला लाल दोरा बांधलात, दुसरीला पांढरा. लाल चार वेळा, पांढरा दोन वेळा. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून हंडा उचलायचा नाही, चुलीच्या धुरापासून लांब बसायचं, हे प्रत्येकीकडून तीन-तीनदा वदवून घेतलंत. नंतर आठवडाभर रोज आशाताईंना फोन केलात. आमच्या अहवालात हे एका ओळीत आलं आहे, "औषधांचे वाटप झाले". ती ओळ माझीच. ती अपुरी आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आम्हा फ्रीमेसनांना पहिल्याच पायरीवर चोवीस इंची पट्टी दाखवतात. तिचे इंच म्हणजे दिवसाचे तास. त्यातले काही प्रार्थनेला, काही कामाला, काही विश्रांतीला आणि काही गरजवंतासाठी. मी पंचवीस वर्षं ती पट्टी पाहतोय. ती वापरायची कशी, ते मला त्या ओट्यावर दिसलं.

दाराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. फोर्टात स्टर्लिंग सिनेमाजवळ फ्रीमेसन्स हॉल आहे, अण्णांबरोबर तुम्ही तिथे लेडीज नाइटला आला होता. आज तिथे गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब आणि अवेस्ता यांच्या साक्षीने काम चालतं. पण एके काळी मुंबईच्या लॉजमध्ये इथल्या माणसाला प्रवेशच नव्हता. पारशी समाजसुधारक माणकजी कर्सेटजींसारख्या माणसालाही इथे नकार मिळाला आणि दीक्षा घ्यायला पॅरिस गाठावं लागलं. मग १८४३ मध्ये स्कॉटिश फ्रीमेसन डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज भारतीयांसाठी निघालं. बाहेर थांबवलेल्या माणसाची किंमत कळायला आमच्या बंधुत्वाला वेळ लागतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नियम बदलणं माझ्या हाती नाही. आभार दाराबाहेर आणणं मात्र आहे.

आता पुढचं. २४ नोव्हेंबरला आम्हा फ्रीमेसनांचा विश्वबंधुत्व दिन. १९६१ साली याच तारखेला ग्रँड लॉज ऑफ इंडियाची, म्हणजे देशातल्या लॉजच्या मध्यवर्ती संस्थेची, स्थापना झाली. त्या दिवशी सकाळी रक्तदान आहे आणि संध्याकाळी कुटुंबीयांसाठी खुला कार्यक्रम. दिवा तुमच्या हातून लागावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. भाषण करायचं नाही म्हणालात तर आग्रह धरणार नाही, पण त्या आजींची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला मिळाली तर नव्या सभासदांचं फार भलं होईल. अण्णांचा बैठकीत बांधायचा एप्रन तुम्ही लॉजकडे दिला होता, तो त्या दिवशी मांडून ठेवणार आहोत.

डिसेंबरात भातकापणी उरकली की पुन्हा जव्हारला जायचं आहे. मागच्यांचे चष्मे द्यायचे आहेत, नव्यांची तपासणी आहे. या खेपेला तारीख आणि गाड्या ठरवण्याआधी तुम्हाला विचारतोय, मागच्या वेळी ते राहून गेलं. लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणून ठेवली आहेत. डॉक्टर म्हणतात, काही जणांना तिसरं औषधही लागेल. त्यासाठी कोणता रंग आणू, तेवढं कळवा.

तुमचा,
लॉजचा सेक्रेटरी