थ्रीजी टेस्टच्या आधी

प्रिय दत्ता,

काल फोनवर रेंज जात होती म्हणून तुझ्या थ्रीजी वेल्डिंग टेस्टबद्दल, म्हणजे उभ्या प्लेटवर खालून वर जोड भरायच्या टेस्टबद्दल, सगळं नीट बोलता आलं नाही, तेच लिहितोय. प्लेट २५ एमएमची, दोन प्लेटांमध्ये ४५ अंशांचा व्ही, तळाशी ६ एमएम गॅप आणि मागे बॅकिंग पट्टी, म्हणजे एडब्ल्यूएस डी१.१ या अमेरिकन वेल्डिंग कोडचीच टेस्ट आहे. पास झालास की पुढे जाडीची मर्यादा राहत नाही, त्यामुळे जीव लावून कर.

तुझा हात सत्तर-अठराच्या (ई७०१८) वेल्डिंग रॉडवर बसलाय, तिथे तू निवांत असतोस. इथे गनमधून वायर सारखी येतच राहते, मधे रेंगाळलास की वेल्डला मधोमध पोट सुटतं आणि दोन्ही कडांना खोल खाच पडते, त्या खाचेत स्लॅग, म्हणजे वेल्डवरची काचेसारखी मळी, अडकतो. म्हणून मधून झटकन जायचं आणि कडेला थांबायचं, कड भरलेली डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं, मग दुसरी बाजू. नुसतं मनात आकडे मोजून थांबू नकोस, पडलकडे, म्हणजे वितळलेल्या धातूच्या डबक्याकडे, बघ.

रूटला, म्हणजे तळाच्या पहिल्या थराला, मात्र मी त्रिकोण मारतो. डावी कड, उजवी कड, मग आत पट्टीला टेकून परत डावीकडे, आणि प्रत्येक फेरीला जरासंच वर. आर्क कायम पडलच्या पुढच्या तोंडावर पाहिजे, स्लॅगवर गेला की पट्टीच्या कोपऱ्यात फ्यूजन होत नाही, धातू एकजीव होत नाही. गन पाच-दहा अंश वर बघणारी, स्टिकआउट, म्हणजे गनबाहेर आलेली वायर, १५ ते २० एमएम. १.२ एमएमच्या ई७१टी-१ वायरला (आत फ्लक्स भरलेली) मी १७०-१८० अँपिअर आणि २४ च्या आसपास व्होल्ट ठेवतो, पण हे नुसत्या सीओटूवर, आरगॉन मिक्स असेल तर व्होल्ट एक-दोनने कमी कर.

वर व्ही रुंद झाला की एकाच विव्हिंगमध्ये, म्हणजे गन या कडेपासून त्या कडेपर्यंत हलवत, भरायचा मोह होतो, तो टाळ, दोन पास शेजारी शेजारी मार. आणि प्रत्येक पासनंतर कडेची काळी रेघ ग्राइंडरने पूर्ण काढ रे, वायर ब्रशने भागत नाही. या जाडीला साइड बेंड करतात, म्हणजे वेल्डची आडवी कापलेली पट्टी बाजूवर वाकवतात, त्यात रूटपासून कॅपपर्यंतचा (वरच्या शेवटच्या थरापर्यंतचा) अख्खा छेद ताणला जातो, आत राहिलेला स्लॅग तिथे उघडा पडतो आणि ३ एमएमपेक्षा मोठं तोंड उघडलं की फेल.

कॅपला कडा जेमतेम एक-दोन एमएम झाकल्या तरी बास.

गॅस कोणता देणार ते आधी विचारून ठेव आणि मला कळव, सेटिंग फोनवर बोलू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुन्या