बायोडिझेल यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील चुकीच्या सूचनांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : लहान उत्पादकांसाठीचे बायोडिझेल यंत्र, त्याची माहितीपुस्तिका आणि गॅस्केट यांबाबत तक्रार

महोदय,

आम्ही वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल तयार करतो आणि जनरेटर, पंप व मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांना विकतो. तुमचे यंत्र घेतले ते पुस्तिकेतल्या तीन ठळक वाक्यांवर भरवसा ठेवून : तेल कोणतेही चालेल, टायट्रेशनची (तेलातले आम्ल मोजण्याच्या चाचणीची) गरज नाही, आणि रेझिनच्या (अशुद्धी पकडणाऱ्या दाण्यांच्या) टाकीतून गाळल्यावर इंधन धुवावे लागत नाही. पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम केलेले इंधन आमच्या ग्राहकांच्या इंजिनात गेले आणि त्यांचे फिल्टर चिकट थराने भरले. म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या सेवा प्रतिनिधीच्या उत्तराबद्दल. त्यांनी फोनवर सांगितले की बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर भरणारच. जुन्या टाकीबाबत हे खरे आहे, आम्हीही ग्राहकांना तसे आधीच सांगतो. पण यातला एक जनरेटर नवा होता, त्याच्या टाकीत गाळ साचायला वेळच मिळाला नव्हता. त्याचा फिल्टर बदलल्यावर पुन्हा भरला.

मग आम्ही इंधन प्रयोगशाळेत दिले. मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांच्या मर्यादेत निघाले. एकूण ग्लिसरीन (सुटे अधिक अर्धवट राहिलेल्या तेलात अडकलेले) मात्र मर्यादेच्या बरेच वर गेले. ही मर्यादा अमेरिकी मानक एएसटीएम डी ६७५१ मध्ये ०.२४ टक्के आणि युरोपीय मानक ईएन १४२१४ मध्ये ०.२५ टक्के आहे. आम्लांकही (इंधनातल्या आम्लाचे माप) ०.५० च्या मर्यादेपुढे होता. हे तीन आकडे एकत्र वाचले की तुमच्या यंत्रात काय घडते ते स्पष्ट होते. रेझिन सुटे ग्लिसरीन आणि साबण पकडते, त्यामुळे इंधन नितळ, सोनेरी दिसते. पण ज्या तेलाची मिथेनॉलशी होऊन बायोडिझेल देणारी अभिक्रिया अर्धवट राहिली, ते तेल रेझिन बदलू शकत नाही. ते तसेच इंधनात उतरते. शिवाय रेझिन साबणातले सोडियम काढून घेते तेव्हा त्या साबणाचे पुन्हा मुक्त फॅटी ॲसिड (तेलातले सुटे आम्ल) होते, आणि आम्लांक वाढतो. म्हणजे साबण जितका जास्त, तितके रेझिनमधून बाहेर पडणारे इंधन आम्लधर्मी. रेझिनला आमचा विरोध नाही. चांगल्या झालेल्या इंधनावर शेवटचा हात फिरवण्यासाठी ते उपयोगी आहे. तुम्ही मात्र ते चुकलेली अभिक्रिया झाकण्यासाठी विकत आहात.

अभिक्रिया चुकते ती पहिल्याच पायरीवर. पुस्तिकेत दर लिटर तेलाला ५ ग्रॅम कॉस्टिक सोडा असे एकच प्रमाण दिले आहे. ताज्या तेलाला ते चालते. तळणात वापरलेल्या तेलात मुक्त फॅटी ॲसिड असतात, ती कॉस्टिक खाऊन साबण करतात, आणि मिथेनॉलशी अभिक्रिया घडवायला कॉस्टिक पुरत नाही. याचा बंदोबस्त म्हणजे टायट्रेशन, आणि ते काही मिनिटांचे काम आहे : १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, त्यात लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक घालून केलेले द्रावण सूचकाचा (इंडिकेटरचा) रंग टिकेपर्यंत थेंबथेंब सोडायचे, आणि जितके मिलिलिटर लागले तितके ग्रॅम त्या ५ मध्ये मिळवायचे. एवढे साधे काम ग्राहकाला नकोसे वाटेल म्हणून तुम्ही वगळलेत काय? मुक्त फॅटी ॲसिड दोन-तीन टक्क्यांच्या वर गेली तर आधी सल्फ्युरिक आम्ल व मिथेनॉलची पायरी घ्यावी लागते, किंवा चांगले तेल मिसळावे लागते, याचा तर पुस्तिकेत उल्लेखही नाही. आणि त्याच पानावर सोड्याऐवजी वापरायच्या कॉस्टिक पोटॅशलाही ५ ग्रॅमच छापले आहे! शुद्ध पोटॅश सोड्याच्या १.४ पट लागते. हा आकडा वाचून काम करणारा प्रत्येक उत्पादक अर्धवट अभिक्रियेचे इंधन बनवणार.

सर्वांत गंभीर गोष्ट मिथेनॉलची. ते ६४.७ अंश सेल्सियसला उकळते आणि तुमच्या यंत्रातली अभिक्रिया ६० अंशांवर चालते. जास्तीचे मिथेनॉल परत मिळवायला कन्डेन्सर (वाफ थंड करून द्रव करणारा भाग) दिलेला नाही. उलट 'वाफ जाऊ देण्यासाठी झाकण थोडा वेळ उघडे ठेवा' अशी सूचना आहे. मिथेनॉलची वाफ विषारी आहे, ती सहज पेट घेते आणि तिची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. बंद शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला ही सूचना देणे आम्हाला अक्षम्य वाटते. रेझिन मिथेनॉल काढत नाही, त्यामुळे उरलेले मिथेनॉल इंधनात राहते आणि इंधनाचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते) धोकादायकरीत्या खाली येतो. झाकणाचे व पंपाचे गॅस्केट नायट्राइल रबराचे आहेत, ते फुगून गळू लागले आहेत. या कामाला व्हिटॉन (रसायने सोसणारे रबर) लागते, हे बायोडिझेलचे यंत्र बनवणाऱ्याला माहीत असायला हवे.

आमच्या धंद्यात ग्राहक एकदा फसला की तो बायोडिझेलवरच फुली मारतो, आणि शेजाऱ्यालाही घेऊ देत नाही. ज्यांचे फिल्टर भरले त्यांचे इंधन आम्ही परत घेतले व फिल्टरचा खर्च दिला. तो खर्च तुमच्याकडून मिळावा. सर्व गॅस्केट व्हिटॉनचे बसवून द्यावेत, मिथेनॉल परत मिळवण्याचा कन्डेन्सर विनामूल्य जोडून द्यावा. हे जमत नसेल तर यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

याहून तातडीची मागणी अशी की, हे यंत्र घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला झाकण उघडे ठेवण्याची सूचना रद्द केल्याचे आजच कळवा. नव्या पुस्तिकेत टायट्रेशन आणि २७-३ चाचणी छापा. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर इंधन हलवून तळाशी तेल बसते का ते पाहणे, एवढीच ती चाचणी. ती पुस्तिकेत असती तर ते इंधन आमच्या दारातून बाहेरच पडले नसते.

आम्ही यंत्र बंद ठेवले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे आणि सुरक्षा तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे हीच कागदपत्रे देऊ.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : प्रयोगशाळेचा अहवाल, फुगलेल्या गॅस्केटची छायाचित्रे, पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती, खरेदीची पावती