काकूची भिशी, स्कूटरचा हप्ता आणि तुझं कार्ड

बडोदे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काकूच्या भिशीत शिरू का, असं विचारलंस आणि त्याच दमात स्कूटरचं कर्ज, नवं क्रेडिट कार्ड हेही. तिन्ही प्रश्न मुळात एकाच हिशेबाचे आहेत, म्हणून फोनवर न बोलता लिहिते आहे. रक्कम किती ते सगळेच विचारतात. ती कोणत्या तारखेला हातात येते आणि कोणत्या तारखेला जाते, ते विचारायचं राहून जातं.

आधी भिशी. दांडिया बाजारातल्या बाराजणी, प्रत्येकीचे महिन्याला 5,000. वाटीतल्या चिठ्ठ्यांतून जिचं नाव निघेल ती 60,000 घेऊन घरी जाते. पहिल्याच महिन्यात जिचं निघालं तिचे स्वतःचे 5,000 वजा केले, तर तिला 55,000 बिनव्याजी वापरायला मिळाले. ते ती पुढच्या अकरा महिन्यांत फेडते. जिचं नाव शेवटी निघतं त्या बाराव्या बाईचं उलट. तिचे पहिले 5,000 अकरा महिने दुसऱ्यांकडे अडकले, दुसरे दहा महिने, असं करत बेरीज 66 महिने. बँकेत वर्षाला 6 टक्के मिळाले असते तर 5,000 वर महिन्याला 25 रुपये, म्हणजे एकूण 1,650. तिने तेवढ्यावर पाणी सोडलं. दोघींच्या हातात आले साठ हजारच, पण ते सारखे नव्हेत. पैशाचं कालमूल्य म्हणतात ते हेच.

हेच उलटं वाचता येतं. तीन वर्षांनी 1,20,000 देतो, आज 1,00,000 दे, असं कुणी म्हटलं तर आकडा गोड वाटतो. पण 7 टक्क्यांनी बँकेत ठेवलेले लाख रुपये तीन वर्षांत 1,22,504 होतात. मग नाही म्हणायचं. तोंडी अंदाजासाठी 72 ला व्याजदराने भागायचं. 6 टक्क्यांनी पैसे साधारण बारा वर्षांत दुप्पट होतात, 8 टक्क्यांनी नऊ वर्षांत. महागाईही याच रीतीने दुसऱ्या बाजूने कुरतडत असते, हे धरून चाल.

सयाजीराव महाराजांनी याच शहरात 1908 साली बँक ऑफ बडोदा काढली, तरी भिशी काही बंद पडली नाही. कारण तिथे ना अर्ज, ना जामीन. ओळख हेच तारण. धोकाही तोच. चिठ्ठी लवकर निघालेली बाई मध्येच हप्ते थांबवते आणि मग कुणाला काही बोलता येत नाही. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका खातेदाराचे व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो, भिशीला काहीच नाही. तेव्हा महिन्याला बुडाले तरी झोप उडणार नाही, एवढेच तिथे घाल.

आता स्कूटर. शोरूममधल्या माणसाने 1,00,000 वर ‘फक्त 12 टक्के, तीन वर्षं’ सांगितलं आणि हप्ता 3,778 काढला, असं लिहिलं आहेस. हा फ्लॅट दर आहे. वर्षाला 12,000, तीन वर्षांचे 36,000, मुद्दलात मिळवून 36 ने भागले. गोम अशी की दीड वर्षाने तू निम्मं मुद्दल फेडलेलं असतं, पण व्याज अजून पुऱ्या लाखावर चालू असतं. उरलेल्या मुद्दलावर खरोखर 12 टक्के लावले तर हप्ता 3,321 येतो. फरक महिन्याला 457, तीन वर्षांत सुमारे 16,400. तुला सांगितलेला दर खऱ्या हिशेबाने 21 टक्क्यांच्या वर जातो. त्याला वाद घालत बसू नकोस, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ माग. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जावर ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज आणि प्रोसेसिंग फी धरून वर्षाचा खरा दर. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवून बघ, हप्ते नव्हे. हप्ता तर मुदत वाढवून कितीही लहान करता येतो.

कार्डाचं मात्र जपून. समज बिल 5 तारखेला बनतं आणि भरायची तारीख 25 आहे. 4 मार्चला घेतलेल्या वस्तूचे पैसे 25 मार्चला द्यायचे, 21 दिवस मिळाले. 6 मार्चला घेतलीस तर ती 5 एप्रिलच्या बिलात जाते आणि 25 एप्रिलपर्यंत 50 दिवस बिनव्याजी. ही झाली काकूच्या भिशीतली पहिली चिठ्ठी, दर महिन्याला. पण पूर्ण बिल भरलं तरच.

‘किमान देय’ या शब्दाला भुलू नकोस. 10 मार्चला 40,000 ची खरेदी केलीस आणि 25 एप्रिलला किमान म्हणून 2,000 भरलेस. दर महिन्याला 3.5 टक्के म्हणजे वर्षाला 42, आणि व्याज मोजतात खरेदीच्या तारखेपासून. 46 दिवस 40,000 वर 2,117, मग 5 मेपर्यंत दहा दिवस 38,000 वर 437, त्यावर 18 टक्के जीएसटी 460. दोन हजार भरूनही बाकी 41,000 च्या वर! शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, भाजी घेतलीस तरी त्या दिवसापासून मीटर चालू. एटीएममधून कार्डावर रोकड तर कधीच काढू नकोस, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी. पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लाव. अर्जात ‘किमान’ आणि ‘पूर्ण’ अशा दोन चौकटी असतात, नीट बघून खूण कर.

भिशीत तू दहा वर्षं वेळेवर पैसे घातलेस तरी बँकेला त्याचा पत्ता नसतो. तिथली ओळख म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, कर्ज आणि कार्डाची बिलं कशी फेडलीस याची नोंद. ही नोंद ठेवणाऱ्या सिबिल कंपनीचा स्कोअर 300 ते 900, आणि 750 च्या वर असला की सहसा अडत नाही. रिपोर्टमध्ये मागच्या 36 महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा गेला ते महिनावार दिसतं. बिघडतं ते बहुधा बारीक गोष्टींनी. कार्डाच्या 60,000 च्या मर्यादेतले 40,000 वापरलेले दिसले की माणूस तंगीत आहे असं धरतात, 30 टक्क्यांच्या आत ठेवावं म्हणजे 18,000. मोठी खरेदी झालीच तर बिल बनायच्या आधीच थोडे भरून टाक. एकाच आठवड्यात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकू नकोस, प्रत्येक चौकशीची नोंद होते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र काही घटत नाही. मैत्रिणीला जामीन राहिलीस तर तिचं कर्जही तुझ्या पानावर येतं. आणि थकलेलं कर्ज कमी पैशांत मिटवलं की ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो, तो ‘क्लोज्ड’हून, म्हणजे पूर्ण फेडून बंद केलेल्याहून वाईट.

स्कूटरचा अर्ज करण्याआधी रिपोर्ट उतरवून घे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. अनोळखी खातं किंवा चुकीचा पत्ता दिसला तर त्यांच्याच साइटवर तक्रार टाक. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तुला मिळायला हवेत.

शोरूमचं पत्रक हाती आलं की एपीआरच्या ओळीचा फोटो मला पाठव. काकूला मी तुझं नाव कळवते, पण पहिली चिठ्ठी निघायच्या आशेवर स्कूटर ठरवू नकोस.

तुझी,
आई