विषय: १५ टन उसात २४० किलो जास्त दाखवणारं तुमचं कन्व्हर्टर

नमस्कार टीम,

मी सांगली जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. तुमच्या युनिट कन्व्हर्टर ॲपचं ४९९ रुपयेवालं प्रो व्हर्जन मी घेतलं ते एकाच कारणासाठी, फुकटवाल्यात प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन ही युनिट्स लॉक आहेत. आधी दोन मेल केले, दोन्हीला तेच उत्तर आलं, ॲप अपडेट करा आणि कॅशे क्लिअर करा. केलं बाबा. काही फरक नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय, कृपया माणसाने वाचा.

झालं असं की सध्या गळीत हंगाम चालू आहे, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरचा ऊस कारखान्याला जातोय. एकाने काट्याची पावतीच आणली, दोन ट्रॉल्या मिळून १५ टन, आणि म्हणाला सर याचे प्रोटॉन किती होतील. पोरांनी वहीत केलं, १५००० किलोला एका प्रोटॉनच्या वस्तुमानाने, म्हणजे १.६७२६ गुणिले १०चा उणे २७वा घात किलो याने भागलं, उत्तर ८.९७ गुणिले १०चा ३०वा घात. मी ऐटीत तुमचं ॲप उघडलं तर ते म्हणतं ९.११. पोरं माझ्याकडे बघतायत, मी मोबाईलकडे. त्यांना म्हटलं तुमचंच चुकलं असेल, परत करा. परत केलं, परत ८.९७. मला पोरांची माफी मागावी लागली ते वेगळंच.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, तुमच्या लिस्टमध्ये नुसतं 'टन' म्हणजे ब्रिटिश लाँग टन आहे, १०१६ किलोचा! मेट्रिक टन खाली बाराव्या की तेराव्या नंबरला. अहो आपल्याकडे १९५६ साली कायदा होऊन मेट्रिक पद्धत आली, आज गावातलं शेंबडं पोरगंही टन म्हणजे हजार किलो सांगेल. १५ टनाला हा फरक २४० किलोचा होतो, टनाला तीन हजार धरले तरी सातशे वीस रुपये. कारखान्यावर काटामारी होते म्हणून आमच्याकडे आंदोलनं होतात, तुमची काटामारी उलट्या बाजूची आहे एवढंच.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त गंभीर आहे. सूर्याचं वस्तुमान टाकलं (ते युनिट तुम्हीच दिलंय, मी काही मागितलं नव्हतं) आणि प्रोटॉनमध्ये मागितलं तर नुसतं आडवं आठ येतं, अनंत. पृथ्वीचंही अनंत, चंद्राचंही अनंत. म्हणजे तुमच्या हिशोबाने चंद्र आणि सूर्य सारखेच! खरं उत्तर सूर्याचं साधारण १.१९ गुणिले १०चा ५७वा घात, पृथ्वीचं ३.५७ गुणिले १०चा ५१वा घात. आकडा मोठा आहे पण अनंत नाही, आणि अकरावीच्या पोराला हाच फरक तर शिकवायचा असतो. मी मग रात्री बसून आकडे टाकत गेलो, इलेक्ट्रॉनमध्ये ३ लाख टनापर्यंत उत्तर येतं, सव्वातीन लाख टाकले की अनंत. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात आयटीत आहे, त्याला फोन केला, तो हसायला लागला, म्हणाला सर यांनी सिंगल प्रिसिजन फ्लोट, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आकडा साठवायचा छोटा प्रकार वापरलाय, त्यात ३.४ गुणिले १०चा ३८वा घात याच्यावर आकडा मावतच नाही. डबल, म्हणजे त्याच्या दुप्पट जागेचा प्रकार वापरला तर ३०८व्या घातापर्यंत जातं. आणि सिंगलमध्ये जेमतेम सात अंक भरवशाचे असतात, तुम्ही मात्र स्क्रीनवर सोळा दाखवता, म्हणजे पुढचे नऊ नुसती सजावट. नीट केल्यावरही सूर्यासाठी चार-पाच अंकच दाखवा, कारण गुरुत्व स्थिरांक जी हाच जगात कुणाला त्याहून फार बारीक मोजता आलेला नाही आणि सूर्याचे किलो त्याच्यावरूनच निघतात.

तिसरं, ते शेअर करायचं रंगीत कार्ड. त्यावर येतं 'या वस्तूत इतके प्रोटॉन आहेत'. कुठे आहेत? वजन इतक्या प्रोटॉनांएवढं आहे, आत तेवढे नाहीत. पाण्याच्या एका रेणूत १० प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन, आणि उसात बहुतेक पाणीच, म्हणजे खरे प्रोटॉन कार्डावरच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त. माझ्या वर्गातल्या चौघांनी ते कार्ड स्टेटसला ठेवलंय, आता मी कुणाकुणाला समजावत फिरू?

तर टन म्हणजे मेट्रिक टन करा, आकडे डबलमध्ये घ्या आणि कार्डावरचं वाक्य बदला, 'इतक्या प्रोटॉनांच्या वजनाएवढं' असं. पंधरा दिवसांत जमत नसेल तर माझे ४९९ परत द्या, नाहीतर १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावणार आहे. सोबत सहा स्क्रीनशॉट आणि पोरांच्या वहीच्या पानाचा फोटो जोडलाय, पोराच्या वडिलांना विचारून काट्याची पावती पण.

आणि कॅशे क्लिअर करा असं परत लिहू नका.

तुमचा प्रोवाला ग्राहक