आमच्या पेटीला तिचं गाव सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं.

आमच्या रत्नागिरीच्या घरात ती आपोआप गाणी वाजवणारी जुनी पेटी (म्युझिक बॉक्स) 'थिबाराजाची पेटी' म्हणूनच ओळखली जायची. ब्रह्मदेशच्या या राजाला 1886 मध्ये इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच गेला, मग त्याचं सामान कुठे कुठे गेलं, त्यातलीच ही. आजी असं सांगायची आणि आम्ही पाहुण्यांना तेच सांगायचो. झाकणावरची ती वाद्याची आणि फुलांची नक्षी बर्मी, लाकूडही बर्मी सागवान, असं सगळं जुळवूनच टाकलेलं. मुंबईच्या एका खरेदीदाराने तर सांगितलं, राजाची असल्याचा कागद असेल तर बोलू, नाहीतर ही अडगळ. त्या दिवशी आत्या जेवली नाही.

पेटी चाळीस वर्षं मुकी होती. माझ्या भाच्याने ती उघडून खोबरेल सोडायचं ठरवलं, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, आणि नेमका तेव्हा मी तुम्हाला फोन लावला. तुमचं पहिलंच वाक्य होतं, "आधी त्याला हात मागे घ्यायला सांगा." स्प्रिंग भरलेली असताना वेग आवरणारा तो पंख्याचा भाग सुटला असता, तर सिलिंडर, म्हणजे आतली नळी, वेड्यासारखा गरगर फिरला असता आणि सूर काढणाऱ्या फणीचे दात तुटून पडले असते. जुन्या पेट्या अशाच मरतात, असं तुम्ही नंतर सांगितलंत. आमची त्या एका वाक्यामुळे वाचली.

दोन दिवसांनी तुम्ही चिपळूणहून एसटीने आलात. भिंग आणि मऊ ब्रश, एवढंच सामान. अंगणात उजेडाला पेटी ठेवून तुम्ही आधी लाकूडच पाहिलंत. झाकणावर शिसवीचा पातळ पापुद्रा आणि त्यात जडवलेली नक्षी. बाजू मात्र साध्या लाकडाच्या, वर शिसवीसारख्या रेघा रंगवलेल्या! मी शंभर वेळा पुसलेली ती बाजू, आणि रंग आहे हे मला कधी कळलं नव्हतं. मग आतली पितळी नळी. तिच्यावर हजारो बारीक टाचण्या, आणि त्या टाचण्या पोलादी फणीचे दात उचलून सोडतात तेव्हा सूर निघतो. गाणं संपलं की नळी केसभर बाजूला सरकते आणि टाचण्यांची दुसरी रांग दातांसमोर येते, हे तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने दाखवलंत. त्या टाचण्या हलू नयेत म्हणून आत राळ ओतलेली असते, हेही.

चावीऐवजी दांडा ओढून भरायची, म्हणजे 1860 नंतरची. समोर दिसणाऱ्या घंटा आणि त्यांवर ठोके देणारी फुलपाखरं, म्हणजे बहुधा 1880 ते 1900 च्या दरम्यानची. तबकडीची असती तर लाइपझिग म्हणालो असतो, पण ही सिलिंडरची, असं म्हणून तुम्ही स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातल्या सेंत-क्रुआ गावाचं नाव घेतलंत. झाकणाच्या आत चार खिळ्यांची भोकं दाखवून म्हणालात, इथे गाण्यांच्या नावांचं कार्ड होतं, ते कसरीने खाल्लं. कारखान्याचं नाव मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. "अंदाजाने नाव चिकटवणार नाही" म्हणालात. काका, माझ्यासाठी तुमचं हेच वाक्य सर्वांत मोलाचं.

त्या डोंगरात या टाचण्या पुष्कळदा बायका घरी बसून लावायच्या, हे ऐकल्यावर आत्या नळीकडे पाहतच राहिली. तिने आयुष्यभर अबोलीचे वळेसर केलेत, तिला त्या हातांची किंमत कळते.

तुम्ही जाताना म्हणालात, घरातल्या जुन्या वह्या बघा. आम्ही पणजोबांची हिशेबाची वही एका मास्तरांकडून वाचून घेतली, मोडीत आहे. शके 1829 मधली, म्हणजे 1907-08 ची नोंद निघाली: मुंबईच्या शेटजींकडून वाजणारी पेटी, बोटीने आणली, हमाली चार आणे. 'पेटी' म्हणजे हार्मोनियम असेल, असं समजून आम्ही ती नोंद आजवर सोडून दिली होती. पणजोबा मुंबईला कारकून होते. पगारातले पैसे साठवून त्यांनी पेटी घेतली आणि बोटीतून मांडीवर ठेवून आणली असेल. राजा गेला, पण आम्हाला आमचा माणूस मिळाला. आत्याने त्या रात्री दोनदा जेवण वाढून घेतलं.

तुम्ही फणीवरचा गंज काढलात, पंखा मोकळा केलात, आणि मजुरी म्हणून फक्त सोलं नेलीत. आता सहापैकी पाच गाणी नीट वाजतात. सहाव्यात दोन दात तुटलेले आहेत. तिथे सूर गळतो आणि आत्या तेवढ्यापुरतं गुणगुणते. तुम्ही दात बसवून देता म्हणालात, पण ती नको म्हणते आहे. ते तुम्हीच येऊन तिच्याशी ठरवा. आंबे उतरायला लागले की या, काकूंनाही आणा.

आपली,
रत्नागिरीची पेटीवाली