आई-बाबा, करारावर आम्ही सही केली नाही

प्रिय आई-बाबा,

रेकॉर्ड कंपनीचा करार आमच्या बँडने नाकारला. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं" म्हणून गप्प झाला असतात, आणि आई, तू रात्रभर जागी राहिली असतीस. पत्रात मला माझं म्हणणं शेवटपर्यंत मांडता येईल.

कंपनीला आमची गाणी आवडली होती. गायिकेचा आवाज आवडला, गिटार आवडली, माझ्या ड्रम्सबद्दलही तक्रार नव्हती. अट एकच: रेकॉर्डिंगमध्ये बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार, स्टुडिओतला सराईत वादक वाजवणार. आमच्या बेसवालीने स्टेजवर उभं राहायचं, फोटोत दिसायचं, पण रेकॉर्डवर तिचा एक सूरही नको. का, तर ती ठोक्याच्या किंचित मागे असते. तुम्ही तिला चांगलं ओळखता. परीक्षेच्या दिवसांत आपल्याकडे अभ्यासाला यायची आणि निघताना तिच्या विसरलेल्या वह्या आई, तूच तिच्या पिशवीत भरायचीस.

ती मागे असते हे खरंच आहे. माझा पाय पेडलवर पडतो, किक ड्रमचा 'धप्प' निघतो आणि त्याला घासून, निमिषभर उशिरा तिची जाड तार बोलते. त्या फटीमुळेच आमचं गाणं जड होतं, जमिनीवर पाय रोवून चालतं. कंपनीच्या माणसाने आमच्याच एका गाण्यात तिचे सूर संगणकावर सरकवून बरोबर ठोक्यावर बसवून दाखवले. सगळं नीटनेटकं झालं आणि गाण्यातला जीव गेला. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेव्हाच निर्णय झाल्यासारखा होता. सगळ्यांत आधी "नको" म्हणाली ती गायिका, जिला या करारातून सगळ्यात जास्त मिळणार होतं. हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे.

बाबा, तुमचं नेहमीचं म्हणणं, आधी नीट शिकावं आणि मग लोकांसमोर जावं. शास्त्रीय गाण्यात ते योग्यच आहे. पण आमचं संगीत उलट्या बाजूने जन्माला आलं. 1960च्या दशकात अमेरिकेतली शाळकरी पोरं घरच्या गॅरेजमधली गाडी बाहेर काढून तिथे वाजवायला लागली. जेमतेम तीन कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) येत होते, पण गाणी तयार व्हायला तेवढे पुरत होते. त्यातल्या किंग्जमेन नावाच्या पोर्टलंडच्या बँडने 1963 साली एक गाणं रेकॉर्ड केलं. त्यात गिटारचा सोलो संपल्यावर गायक वेळेआधीच ओळ सुरू करतो, चूक लक्षात येताच थांबतो, आणि ड्रमर मध्ये एक तुकडा वाजवून त्याला सांभाळून घेतो. ती चूक तशीच राहिली. ते गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझं काम कळलं. ताल धरणं हे त्यातलं अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे मित्र घसरला की खाली हात देणं.

पुढे 1970च्या दशकात पंक, म्हणजे वेगवान, ओबडधोबड रॉक आलं आणि जमेल तसं पण स्वतःच वाजवायचं हा हट्ट आणखी उघडपणे मांडला गेला. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने 500 पौंड उसने घेऊन स्वतःच एक छोटी रेकॉर्ड काढली. जानेवारी 1977मध्ये ती बाहेर पडली, पहिल्या 1,000 प्रती हातोहात संपल्या आणि पुढे खप 16,000च्या घरात गेला. मोठ्या कंपनीच्या दारात उभं न राहताही रेकॉर्ड निघू शकते, हे कितीतरी पोरांना त्यातून दिसलं. आणि अलीकडचं सांगायचं तर 2021 साली लॉस एंजेलिसच्या ग्रंथालयात लिंडा लिंडाज वाजवत होत्या. दोघी बहिणी, त्यांची नात्यातली एक बहीण आणि मैत्रीण असा हा बँड. ड्रम्सवर बसलेली मुलगी होती 10 वर्षांची! तो व्हिडिओ जगभर पोचला.

आमचं पायरीपायरीने झालं. एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं, त्यांनी पुढच्या दौऱ्यात सोबत नेलं, आणि मग हळूहळू लोक आमच्यासाठीच यायला लागले. आता दुसऱ्या गाण्याच्या मधल्या ओळी प्रेक्षकच म्हणतात आणि गायिका माइक त्यांच्याकडे करते.

पण मला सांगायची आहे ती मागच्या कार्यक्रमातली गोष्ट. हॉल खच्चून भरलेला, तिसरं गाणं ऐन रंगात आलेलं, आणि गिटारची तार तुटली. गिटारवाल्याकडे दुसरी गिटार नाही. तो तिथेच गुडघ्यावर बसून तार बदलायला लागला. एवढ्या आवाजात गिटार अचानक गेली की पायाखालची फळी काढल्यासारखं होतं. बेसवाली प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्याकडे वळली. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, पेडलवरच्या पायावर होती. मी हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, मिटून घेतली, समोरचा छोटा स्नेअर ड्रम हलका केला. दोघींनी मिळून तेच दोन सूर पुन्हापुन्हा फिरवत ठेवले. गायिका हळू आवाजात गात राहिली, लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. तार बसली, त्याने कान लावून ती जुळवली, मान हलवली. मी काठीवर काठी आपटून चार मोजले आणि चौघं एकदम परत शिरलो. त्या क्षणी हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला, तो त्या रात्रीच्या एकाही गाण्याला झाला नाही. स्टुडिओतला सराईत वादक माझ्या पायाकडे असं बघू शकला असता का? मला नाही वाटत. त्यामागे शाळेपासूनची वर्षं आहेत.

या नकाराची किंमत मला माहीत नाही असं समजू नका. डेट्रॉईटमध्ये तीन सख्खे भाऊ होते, घरातल्या एका खोलीत सराव करायचे. 1975 साली त्यांनी रेकॉर्डिंग केलं. कंपनीच्या प्रमुखाने बँडचं नाव बदलायला सांगितलं, कारण नाव होतं 'डेथ'. त्यांनी नकार दिला आणि व्यवहार मोडला. ती गाणी अल्बम म्हणून 2009 साली बाहेर आली. ज्या भावाने नावासाठी सगळ्यात जास्त हट्ट धरला होता, तो 2000 सालीच वारला होता. हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. तरीही त्याने चुकीचं केलं असं मला वाटत नाही.

आणि पंक बँड रामोन्स! त्यांचा पहिला अल्बम 1976चा. 14 गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळी. त्याला अमेरिकेत खपाबद्दलचा 'गोल्ड' सन्मान मिळायला 2014 उजाडलं. तेव्हा मूळ चौघांतला एकच हयात होता आणि त्याच वर्षी तोही गेला. दोघा मुख्य सभासदांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, तरी 1996पर्यंत ते वाजवत राहिले. मला तसं अबोल्यात वाजवायचं नाही. बेसवालीला बाजूला सारून सही केली असती, तर आमच्यातला अबोला त्याच दिवशी सुरू झाला असता.

आता तुमच्या काळजीचं. नोकरी मी सोडलेली नाही. अल्बम आम्ही आमच्याच पैशांनी काढतो आहोत, चौघांचा वाटा सारखा, गाण्यांच्या हक्कांवर चौघांची नावं, आणि हे सगळं लेखी आहे. कागदाची प्रत पाठवते. बाबा, एकदा नीट वाचा आणि काही खटकलं तर पेनाने खूण करा.

आई, कानांचं तू विचारतेसच. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास कानाला चालतात, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि ड्रम्स सहज तिथे पोचतात. म्हणून मी सरावालाही इअरप्लग घालते. शपथ.

अल्बमच्या पहिल्या कार्यक्रमाला तुम्ही दोघांनी यावं असं मला फार वाटतं. मागे, आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरच्या शेजारी जागा ठेवते. तिथे गर्दी कमी असते, आवाज सगळ्यात नीट ऐकू येतो आणि खुर्च्याही मिळतील. तुमच्यासाठी इअरप्लगच्या दोन जोड्या माझ्याकडे तयार आहेत. पहिली तीन गाणी फार वेगात जातात, तेवढी सोसा. चौथं बेसने सुरू होतं. ते तिने लिहिलं आहे, आणि तुम्ही येणार का, हे ती मला रोज विचारते. काय सांगू तिला?

तुमची,
लेक