बेंड पाईपला भोक पाडण्याआधी

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

पत्रच लिहितोय, कारण फोनवर सांगायला लागलो की तू अर्ध्यातच "कळलं रे" म्हणतोस आणि ड्रिल शोधायला लागतोस. तुला बेंड पाईपला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपला, भोक पाडून वाइडबँड सेन्सर बसवायचाय; तो धुरावरून पेट्रोल-हवेचं प्रमाण मीटरवर दाखवतो. हे आधी पुरतं वाच, मग पाईपला हात लाव.

तुझी २०१२ची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. एअर बॉक्स काढून कोन फिल्टर लावलास, फ्री-फ्लो सायलेन्सर घातलास आणि आता रेस सोडली की फटाके वाजतात. (पोलिसांनी धरलं तर मला फोन करायचा नाही. मूळ सायलेन्सर मात्र विकू नकोस.) तुझा फिटर म्हणतो, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) मोठा टाक. फुल रेसला कदाचित लागेलही. पण फटाके रेस सोडल्यावर वाजतायत, आणि तेव्हा मेन जेट रजेवर असतो. तिथे कमी रेसचं मिश्रण ठरवणाऱ्या पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रूचं राज्य. नाहीतर बेंड पाईप हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंग गेलंय आणि बाहेरची हवा आत ओढली जातेय. म्हणून सगळ्यात आधी नवं पॅकिंग. सेन्सर महागाचा, पॅकिंग किरकोळ, पण ते न बदलता सेन्सर लावलास तर तो ती फुकटची हवाच मोजेल, गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे असं सांगेल आणि तू ठीक असलेल्या गाडीत पेट्रोल ओतत बसशील.

हे नीट डोक्यात बसव. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, जळून उरलेला ऑक्सिजन मोजतो. प्लगने एक ठिणगी चुकवली तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही पाईपमध्ये येतात, आणि मीटर लीन दाखवतो. कधी कधी गाडी खरं तर इतकी रिच (पेट्रोल जास्त) असते की प्लग भिजून ठिणगी चुकतेय. त्यामुळे आकडा आणि आवाज यांचं भांडण झालं, तर मी आवाजावर विश्वास ठेवतो.

इंजेक्शनच्या गाड्यांना कंपनीकडून येतो तो नॅरोबँड. त्याचा व्होल्टेज ०.४५च्या इकडून तिकडे उडी मारतो आणि फक्त "रिच" किंवा "लीन" सांगतो. किती, ते सांगत नाही. वाइडबँडमध्ये झिर्कोनियाच्या सेलला जोडून एक पंपासारखा सेल असतो, तो ऑक्सिजन आत-बाहेर ढकलत राहतो आणि त्याला लागणाऱ्या करंटवरून आकडा निघतो. आपल्याकडे सहज मिळतो तो बॉशचा एलएसयू ४.९. नकलीही भरपूर फिरतात, तेव्हा कधी घ्यायचा झाला तर खात्रीच्या दुकानातूनच घे. त्याच्या कनेक्टरमध्ये त्या एका सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर असतो, म्हणून वायर लांब करायची म्हणून कनेक्टर कापायचा नाही. मीटरच्या बाजूची वायर वाढव.

आता भोक. सगळी मेख इथे आहे. बेंड खाली उतरून आडवा होतो, त्या आडव्या भागावर, सायलेन्सरच्या आधी. इंजिनाच्या पोर्टला (धूर बाहेर पडतो त्या तोंडाला) चिकटून लावलास तर सेन्सर भाजून निघेल. फार मागे नेलास तर सायलेन्सरच्या तोंडातून उलटी शिरणारी हवा त्याला फसवेल. एकच सिलिंडर, त्यात फ्री-फ्लो म्हटल्यावर आयडलला (रेस न देता) हा त्रास होतोच, म्हणून आयडलचा नाचणारा आकडा फार मनावर घ्यायचा नाही. टेलपाईपमध्ये नळी खुपसून मोजायची पद्धतही आहे, भोक वाचतं, पण तुझ्या आखूड सायलेन्सरवर मी ते करणार नाही.

भोक पाईपच्या वरच्या अंगाला हवं, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये. सेन्सर आडवा ठेवायचा नाही, किमान १० अंश तरी वर उचललेला हवा, आणि खालून तर अजिबातच नको. सकाळी गाडी सुरू केली की पाईपमध्ये पाणी धरतं हे तू पाहिलंयस. सेन्सरच्या आतलं सिरॅमिक लाल तापलेलं असतं, त्यावर थेंब पडला की तडकलंच. त्याच कारणाने हीटरला वेगळा स्विच दे. गाडी चालू कर, मिनिटभर तापू दे, मग हीटर. हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर ओढतो, तेव्हा रिले आणि फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घे आणि अर्थिंग इंजिनावर नीट घासून दे. अर्थिंग सैल असेल तर आकडा इंडिकेटरच्या तालावर उड्या मारतो.

माझ्या गाडीचं काम हडपसरच्या एका फॅब्रिकेटरकडे केलं. भोक पाडायच्या आधी त्याने सेन्सर हातात धरून पाईपवर नुसता फिरवला, मला गाडीवर बसवलं, ब्रेक दाबायला लावला, बूट कुठे लागतो ते पाहिलं आणि मग खडूने खूण केली. मग खुणेभोवतीचं क्रोम ग्राइंडरने लोखंड दिसेपर्यंत खरवडलं. क्रोमवर वेल्ड केलं तर जोडही धरत नाही आणि धूरही विषारी निघतो. स्टेप ड्रिलने भोक, आतली कड फाइलने साफ, कीस चुंबकाने ओढून बाहेर. बॉसमध्ये (भोकावर वेल्ड करायच्या आट्यांच्या कड्यात) त्याने जुना खराब सेन्सर पिळून ठेवला, म्हणजे आर्गॉन वेल्डिंगच्या उष्णतेने १८ बाय १.५चे आटे वाकडे होत नाहीत. चांगला सेन्सर लांब टेबलावर. वेल्डिंगच्या वेळी तो पाईपमध्ये नको म्हणजे नको. तुझा पाईप दुहेरी भिंतीचा निघाला तर बॉस आतल्या भिंतीलाही जोडला गेला पाहिजे, नाहीतर दोन भिंतींमधली हवा मोजत बसशील. आणि कुठेही सिलिकॉन लावू नकोस, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा आंधळा होतो.

ट्यूनिंग करताना मीटर लॅम्बडावर ठेव: १ म्हणजे बरोबर प्रमाण, त्याखाली रिच, वर लीन. १४.७ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा) हा आकडा निव्वळ पेट्रोलचा. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, त्याचं गणित साधारण १३.५ला जमतं. मीटरला ते ठाऊक नसतं, तो लॅम्बडाला १४.७ने गुणून दाखवतो. आणि कार्बोरेटरला तर इथेनॉल कळतच नाही, जेट तोच, हवा तीच. तुझी गाडी आली तेव्हाच्या पेट्रोलवर जी सेटिंग जमलेली होती, तीच ई२० वर लीन होते. मला वाटतं तुझ्या फटाक्यांत याचाही वाटा आहे, सगळं पाप सायलेन्सरचं नाही.

मुठीवर टेपने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. फुल रेसला ०.८६ ते ०.८८ धर, हवेवर थंड होणारं इंजिन आहे, तिथे कंजुषी नको. हे मेन जेटचं काम, ते आधी. मग मधली रेस: सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला ०.९५ ते १च्या दरम्यान. लीन असेल तर नीडल (कार्बोरेटरमधली सुई) वर, तिला खाचा असतील तर क्लिप एक खाली, नसतील तर क्लिपखाली पातळ वॉशर. पायलट आणि मिक्स्चर स्क्रू सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदल. तुझ्या स्वभावाला हे जड जाईल.

सगळं जमलं की यवतेश्वरचा घाट चढून कासला जा, मीटरकडे बघायला मागे कुणालातरी बसव. साडेचारशे-पाचशे मीटर चढ आहे, हवा विरळ होते, त्याच रेसला आकडा अडीचेक टक्के रिच सरकेल. ०.८८चं ०.८६ झालं म्हणून तिथे जेट काढत बसू नकोस.

काम झालं की सेन्सर काढून भोकात प्लग बोल्ट लाव. हीटर बंद ठेवून सेन्सर पाईपमध्येच राहिला तर काजळी धरून मरतो. तुझ्या यामाहा आरएक्सला तर सेन्सर मागूनही मिळणार नाही, टूस्ट्रोकचं तेल त्याला आठवड्यात संपवेल.

माझा मीटर आणि सेन्सर सध्या रिकामे आहेत, विकत घेऊ नकोस. पुढच्या शनिवारी बेंड पाईप काढून एसटीने ये, फॅब्रिकेटरला मी सांगून ठेवतो. येताना नवं पॅकिंग दोन आण, एक बसवताना हमखास वाकतं. वहिनींना पेढे पोचले का, ते कळव.

तुझा,
अव्या